अटलांटिकचा शरद आणि पट्टेरी बास

शरद ऋतूचे आगमन प्रत्येक देश आपापल्या खुणांनी ओळखतो. आपल्याकडे मेघ विरतात, भाताची शेते पिवळी पडू लागतात आणि कोजागरीच्या चांदण्यात आटीव दुधाचे पेले हातोहात फिरतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागात या ऋतूची जगप्रसिद्ध खूण म्हणजे मेपल वृक्षांची तांबडीलाल झालेली पाने. ती पाहावयास लोक दूरदूरच्या गावांहून येतात. परंतु त्याच प्रदेशाला शरदाची आणखी एक खूण आहे. ती झाडांवर नसून समुद्रात असते, आणि ती पाहू इच्छिणाऱ्याला भल्या पहाटे किंवा ऐन रात्री गुडघाभर गार पाण्यात उभे राहावे लागते. ही खूण म्हणजे पट्टेरी बास नावाच्या माशाचा दक्षिणेकडील परतीचा प्रवास.

सप्टेंबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, उत्तरेकडील मेन राज्यापासून खाली न्यू जर्सीपर्यंत, अटलांटिकच्या किनाऱ्यावर लांब काठ्या घेतलेली माणसे दिसू लागतात. कोणी कामावर जाण्यापूर्वीचे दोन तास काढून आलेला असतो, कोणी दिवसाचे काम आटोपून रात्री आलेला असतो. कित्येकदा बाप आणि लेक शेजारी शेजारी उभे असतात. कोकणात ज्याला ‘गरवणे’ म्हणतात, तेच हे गळाने मासे धरण्याचे काम. नवलाची गोष्ट ही, की यांपैकी बहुतेकजण धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून रिकाम्या हातांनी घरी परततात. एवढी थंडी, एवढे जागरण आणि एवढा खटाटोप करून पदरी मासा नाही, तर मग पदरी पडते तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास एका माशाची, एका ऋतूची आणि माणसाने मोठी किंमत देऊन शिकलेल्या संयमाची हकीकत हाती लागते.

मासा आणि त्याचे जीवनचक्र

पट्टेरी बास दिसावयास देखणा आहे. पाठ गर्द हिरवट, कुशी रुपेरी, आणि त्या रुपेरी कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा, जणू कोणी पट्टी ठेवून आखल्या असाव्यात. शास्त्रीय नाव ‘मोरोनी सॅक्साटिलिस’. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ खडकांत राहणारा. न्यू इंग्लंडमध्ये त्याला ‘स्ट्रायपर’ म्हणतात, तर चेसापीक उपसागराच्या काठी तोच ‘रॉकफिश’ होतो. हा मासा तीस वर्षांपर्यंत जगू शकतो. १८९१ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात सापडलेला एक बास १२५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५७ किलोंचा होता. काठी आणि गळ वापरून धरलेल्या बासचा जागतिक विक्रम २०११ सालचा असून तो मासा सुमारे ३७ किलोंचा होता. एवढे मोठे मासे बहुधा माद्याच असतात.

‘बास’ हे नाव इंग्रजी भाषेने अनेक निरनिराळ्या माशांना दिले आहे. आपल्या खाड्यांतील आणि रायगड जिल्ह्याच्या खारेपाटातील तळ्यांत वाढविला जाणारा जिताडा यालाही इंग्रजीत ‘सी बास’ म्हणतात. परंतु दोघांचे कूळ वेगळे आणि जीवनक्रम तर अगदी उलटा. जिताडा गोड्या किंवा मचूळ पाण्यात वाढतो व अंडी घालण्यासाठी समुद्राकडे जातो. पट्टेरी बास समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो. या बाबतीत तो बंगालच्या हिलसाचा सोबती शोभेल.

वसंत ऋतूत, विशेषतः एप्रिल आणि मे महिन्यांत, बासचे थवे नद्यांच्या मुखातून आत जातात. हडसन आणि डेलावेअर या नद्या त्यांच्या आहेतच, पण या जातीचे सर्वांत मोठे माहेर म्हणजे चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या. जेथे भरतीचे पाणी पोहोचते पण खारटपणा संपत आलेला असतो, तेथे मादी अंडी सोडते. साधारण साडेपाच किलोंची मादी आठ लाखांहून अधिक अंडी घालते. पंचवीस किलोंची मादी चाळीस लाखांवर. ही अंडी तळाशी जाऊन गाळात रुतली, तर गुदमरतात. म्हणून त्यांना वाहत्या पाण्याने तरंगत ठेवावे लागते. सुमारे दोन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात आणि पहिली काही वर्षे त्या उपसागरातच काढतात. पुढे मोठ्या होत चाललेल्या माद्या समुद्राची वाट धरतात. उन्हाळा उत्तरेकडील थंड पाण्यात, न्यू इंग्लंडच्या खडकाळ किनाऱ्यालगत घालवावयाचा आणि हिवाळा व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यापुढील समुद्रात, असा त्यांचा वर्षाचा क्रम आहे. शरदातील प्रवास हा या दोन मुक्कामांमधला.

थंडीचे काम

मासा शीतरक्त प्राणी आहे. त्याच्या शरीराचे उष्णतामान भोवतालच्या पाण्याएवढे असते. पाणी तापले की त्याच्या शरीराचा व्यापार जलद होतो, निवले की मंदावतो. ऑगस्टच्या कडक उन्हात उथळ पाणी बासला मानवत नाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. तेव्हा तो दिवसा खोल, थंड जागी स्वस्थ पडून राहतो आणि रात्री थोडाफार हिंडतो. सप्टेंबरात दिवस लहान होऊ लागतो, वायव्येकडून कोरडे गार वारे सुटतात आणि पाण्याचे उष्णतामान हळूहळू उतरू लागते. ते साधारण १८ अंश सेल्सिअसच्या खाली आले, की या माशाला नवी तरतरी येते. १८ ते १३ अंशांपर्यंतचा काळ हा त्याच्या भुकेचा सुकाळ. पुढे लांबचा प्रवास आहे आणि हिवाळ्यात खाणे कमी होणार आहे. त्याआधी अंगावर चरबी साठवून घ्यावयाची असते. पाणी १० अंशांच्या खाली गेले, की तो पुन्हा मंद होतो आणि तोवर बहुतेक थवे दक्षिणेस निघून गेलेले असतात.

थंडीचा दुसरा परिणाम याहूनही महत्त्वाचा आहे. किनाऱ्यामागे पसरलेल्या उथळ खाड्या आणि खारी दलदल मोठ्या समुद्राच्या आधी निवतात. उन्हाळाभर त्या खाड्यांत लहान माशांची कोट्यवधी पिल्ले वाढलेली असतात. त्यांत हेरिंगच्या नात्यातल्या मेनहेडन माशाची बोटभर पिल्ले असतात, चंदेरी सिल्व्हरसाइड असतात, आपल्या मांदेलीची भाऊबंद म्हणावी अशी इवलीशी अँकोव्ही असते, आणि आपल्या बोय माशाच्या जातीचे मलेटही असतात. खाडीचे पाणी गार होताच ही सारी सेना ओहोटीच्या धारेबरोबर समुद्रात उतरते आणि किनारा धरून दक्षिणेकडे चालू लागते. खोल पाण्यात शत्रूंचे भय, म्हणून ती अगदी पुळणीला चिकटून जाते. पण त्यामुळेच ती सापळ्यात सापडते. बासचे थवे बाहेरच्या बाजूने येतात आणि तिला वाळूवर दाबून धरतात.

मग जो प्रकार होतो, तो एकदा पाहिलेला माणूस आयुष्यभर विसरत नाही. शांत पाणी एकाएकी उकळल्यासारखे होते. लहान मासे चांदीच्या पावसासारखे हवेत उडतात, काही तर थेट वाळूवर येऊन पडतात. वरून कुरव पक्षी कलकलाट करीत सूर मारतात. लाटेच्या पारदर्शक भिंतीत क्षणभर काळ्या रेघांच्या रुंद कुशी दिसतात आणि नाहीशा होतात. तेथील लोक या गोंधळाला ‘ब्लिट्झ’ म्हणतात. तो दहा मिनिटे टिकतो किंवा दोन तास. आणि मग पाणी असे निवळते, की जणू काही झालेच नाही. एरवी मोठा मासा मिळवावयास होडी लागते, खोल पाण्यात जावे लागते. शरदात मात्र समुद्र स्वतःच तो मासा पायी चालणाऱ्या माणसाच्या आटोक्यात आणून ठेवतो. म्हणूनच किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांचा हा सणाचा काळ.

पाणी वाचण्याची विद्या

तथापि असा गोंधळ रोज नशिबी येत नाही. बहुतेक दिवशी समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो आणि मासा कोठे असेल हे ताडावे लागते. या ताडण्यालाच तेथील जाणती माणसे खरी विद्या समजतात. महागड्या काठीपेक्षा तिची किंमत अधिक.

नवशिक्याला प्रथम सांगतात, की मोठ्या ओहोटीच्या वेळी, काठी घरी ठेवून, नुसता किनारा चालून ये. पाणी उतरले की समुद्राचा तळ उघडा पडतो. पुळणीपासून काही अंतरावर वाळूचा लांब दांडा असतो. दांडा आणि किनारा यांमध्ये खोल चर असते. आणि दांड्याला मधूनमधून खिंडारे पडलेली असतात. भरती आल्यावर हे सारे झाकले जाते, परंतु त्याच्या खुणा पाण्यावर उमटतात. लाट जेथे फुटून पांढरी होते तेथे दांडा. जेथे ती न फुटता काळसर राहते तेथे चर किंवा खिंडार. परतणारे पाणी खिंडारातून जोराने बाहेर पडते आणि आपल्याबरोबर लहान मासे, खेकडे, झिंगे ओढून नेते. मोठा मासा त्या धारेच्या कडेला, प्रवाहाकडे तोंड करून, फारसे श्रम न करता वाट पाहत राहतो. खडकाळ किनाऱ्यावर हेच काम मोठे धोंडे करतात: धोंड्याच्या आड पाणी संथ असते, आणि तेथे थांबणाऱ्या माशाला दोन्ही अंगांनी वाहून येणारे भक्ष्य टिपता येते.

त्यानंतर वेळेचा विचार. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा काळ अनुकूल, कारण तेव्हा आतले भक्ष्य बाहेर वाहते. उघड्या पुळणीवर चढत्या भरतीचे पहिले तास चांगले, कारण तेव्हा चरीत पाणी शिरते आणि मासा किनाऱ्याजवळ येण्यास धजतो. आपले कोळी बांधव उधाण आणि भांग यांचा जो हिशेब तिथीवरून ठेवतात, तोच हिशेब ही माणसे छापील तक्त्यांवरून ठेवतात. वाऱ्याचेही तसेच. समुद्रावरून किनाऱ्याकडे येणारा वारा उभे राहणे कठीण करतो, पण तोच लहान माशांना किनाऱ्याकडे लोटतो आणि पाणी पांढरे, फेसाळ करतो. फेसाळ पाण्यात लहान मासा गांगरतो. रुंद शेपटीच्या बासला मात्र त्यात सहज पोहता येते. म्हणून ईशान्येकडून वादळ येण्यापूर्वीचे आणि ते सरत असतानाचे तास जाणकार वाया जाऊ देत नाहीत.

राहता राहिली रात्र. बासची नजर मंद प्रकाशात उत्तम चालते, आणि अंधारात तो अगदी काठाशी येतो. म्हणून संध्याकाळ, पहाट आणि त्यांमधला काळोख हेच खऱ्या कामाचे प्रहर. नऊ ते अकरा फुटांची काठी, कपाळावर बांधलेला लहान दिवा, छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार आणि तिच्यावर घट्ट आवळलेला पट्टा, ओल्या खडकांवर घसरू नये म्हणून बुटांच्या तळव्याला लोखंडी टोके, हा त्यांचा सरंजाम. पट्टा सजावटीसाठी नसतो: लाटेने माणूस खाली पडला, तर विजारीत एकदम पाणी भरू नये म्हणून असतो. आमिष कधी जिवंत वाम, कधी माशाच्या आकाराचा रंगविलेला लाकडाचा तुकडा. लाकडाचा तो मासा फेकून, रिळावर दोरी हळूहळू गुंडाळीत, त्याला जखमी माशासारखे चालविणे ही हाताची कला आहे. ती पुस्तकांतून येत नाही.

या विद्येची काही तीर्थक्षेत्रेच होऊन गेली आहेत. न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला माँटॉक पॉइंट आहे. १७९६ साली पुरा झालेला तेथील दीपस्तंभ अजून उभा आहे आणि त्याच्या पायथ्याच्या धोंड्यांवर शरदातील रात्री माणसे उभी असतात. काही धाडसी तर अंगाला घट्ट बसणारे रबरी पोशाख घालून दूरच्या खडकांपर्यंत पोहत जातात. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड कालवा १९१४ साली जहाजांसाठी खुला झाला. त्याच्या दोन टोकांच्या उपसागरांत भरतीच्या वेळा निरनिराळ्या, त्यामुळे कालव्यातून नदीसारखा प्रवाह वाहतो आणि दर सहा तासांच्या सुमारास आपली दिशा बदलतो. दोन्ही काठांवर दगडी बांध आहे आणि त्यावरून सायकलीने जात जात माणसे थव्याचा पाठलाग करतात. मार्थाज व्हिन्यर्ड बेटावर १९४६ पासून दर शरदात किनाऱ्यावरील व होडीतील गरवणाऱ्यांची स्पर्धा भरते. उन्हाळी पाहुणे गेल्यावर ओस पडणाऱ्या बेटावर चार माणसे यावीत, हा तिचा मूळ हेतू.

विपुलतेचा इतिहास

या माशाशी त्या देशाचे नाते केवळ करमणुकीचे नाही. सतराव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांच्या जेवणाचा तो आधार होता. तो एवढा मुबलक होता, की लोक त्याचे खत करून मक्याच्या शेतात घालीत. ही नासाडी पाहून मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६३९ साली बास आणि कॉड हे मासे खतासाठी वापरण्यास मनाई केली. माशांच्या रक्षणासाठी त्या भूमीवर वसाहतवाल्यांनी केलेल्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी हा एक. १६७० साली प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकरेल आणि हेरिंग माशांच्या उत्पन्नातून एक विनामूल्य शाळा चालविण्याचे ठरविले. मुलांच्या शिक्षणाचा खर्च एका माशाने सोसावा, ही गोष्ट आजही कौतुकाची वाटते.

एकोणिसाव्या शतकात धनिकांचे लक्ष त्याच्याकडे गेले. १८६४ साली कटीहंक बेटावर एक मंडळ स्थापन झाले. न्यूयॉर्कचे श्रीमंत सभासद खडकांपासून समुद्रावर काढलेल्या लाकडी मचाणांवर बसून गळ टाकीत आणि त्यांचे नोकर आमिष फेकून मासे जवळ आणीत. १८७९ साली न्यू जर्सीतील नदीमधून पकडलेले सुमारे १३० लहान बास आगगाडीने खंड ओलांडून कॅलिफोर्नियात नेण्यात आले व सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सोडले गेले. तेथे ते असे रुजले, की दहा-बारा वर्षांतच बाजारात विकले जाऊ लागले. ज्या माशाला निसर्गाने एवढे सामर्थ्य दिले, तो कधी संपेल अशी शंका कोणास यावी?

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

तरीही ती वेळ आली. १९७३ साली अटलांटिक किनाऱ्यावर व्यापारी मच्छीमारांनी सुमारे दीड कोटी पौंड बास उतरविला होता. दहा वर्षांनी, १९८३ साली, तो आकडा ३५ लाख पौंडांवर आला. जाळी आणि गळ, दोहोंचाही अतिरेक झाला होता. लहान मासे अंडी घालण्याच्या वयाला पोहोचण्यापूर्वीच उचलले जात होते. आणि चेसापीकचे पाणीही पूर्वीसारखे राहिले नव्हते. मेरीलँड राज्यात १९५४ पासून दर उन्हाळ्यात एक मोजणी होत आली आहे. ठरलेल्या जागी लहानशी रापण ओढावयाची, तीत आलेली त्या वर्षीची बासची पिल्ले मोजावयाची आणि एका ओढीमागे सरासरी किती आली ते नोंदवून पुन्हा सोडावयाची. सत्तरीच्या उत्तरार्धात या रापणीत येणारी पिल्ले वर्षानुवर्षे नगण्य राहिली. नवी पिढीच जन्मत नव्हती.

अडचण अशी, की मासा राज्यांच्या सीमा मानत नाही. मेरीलँडने वाचविलेला मासा मॅसॅच्युसेट्समध्ये धरला जाणार असेल, तर मेरीलँडने त्याग का करावा? १९८४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने पट्टेरी बासच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. किनाऱ्यावरील राज्यांचा संयुक्त मत्स्य आयोग १९४२ पासून अस्तित्वात होता. त्याच्या योजनेचे पालन न करणाऱ्या राज्यात ही मासेमारी बंद करण्याचा अधिकार आता मध्यवर्ती सरकारला मिळाला. १ जानेवारी १९८५ पासून मेरीलँडने बासची मासेमारी पूर्णपणे बंद केली. डेलावेअरने त्याच वर्षी, आणि व्हर्जिनियाने १९८९ साली तिचे अनुकरण केले. इतर राज्यांनी धरावयाच्या माशाची किमान लांबी वाढवीत नेली. धोरण साधे होते: १९८२ साली जन्मलेल्या माद्यांपैकी शंभरांतील पंचाण्णव माद्या निदान एकदा अंडी घालीपर्यंत त्यांना हात लावावयाचा नाही. मार्थाज व्हिन्यर्डच्या स्पर्धेनेही त्या दशकात आपला मानाचा मासा यादीतून वगळला.

या बंदीची किंमत सामान्य कुटुंबांनी मोजली, हे विसरता कामा नये. चेसापीकच्या काठी पिढ्यान् पिढ्या ज्यांचे पोट या माशावर चालले, त्यांना पाच वर्षे तो डोळ्यांपुढे पोहताना पाहून जाळे कोरडे ठेवावे लागले. परंतु फळ मिळाले. १९८९ साली मेरीलँडच्या रापणीत पिल्लांची संख्या एकाएकी वाढली. १९९० साली मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली. आणि १९९५ साली चेसापीकचा बास पूर्ववत झाल्याचे आयोगाने जाहीर केले. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, एका ओढीमागे सरासरी ५९ पिल्ले आली. हा त्या मोजणीतील उच्चांक आहे. समुद्रातील एखादी जात माणसाच्या निग्रहाने परत आणता येते, याचा हा दाखला पुढे जगभर दिला जाऊ लागला.

पुन्हा चिंतेचे दिवस

कथा येथेच संपती, तर बरे झाले असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय पाहणीने दाखविले, की अंडी घालणाऱ्या माद्यांचा साठा पुन्हा सुरक्षित पातळीखाली गेला आहे. मेरीलँडच्या मोजणीची दीर्घकालीन सरासरी एका ओढीमागे सुमारे ११ पिल्ले आहे. २०१९ ते २०२४ या सहाही वर्षांत हा आकडा ४ पर्यंतही पोहोचला नाही. २०२३ साली तो केवळ १ होता.

या वेळी जन्म देणाऱ्या माद्या अगदीच संपल्या होत्या असे नव्हे. शास्त्रज्ञांचे बोट प्रामुख्याने हवामानाकडे वळते. कडक हिवाळा आणि त्यामागून ओला, गार वसंत आला, तर चेसापीकमध्ये पिल्ले भरपूर जगतात, असा अनेक वर्षांचा अनुभव आहे. थंडी लांबली की पाण्यातील सूक्ष्म जीवांची वाढ उशिरा होते आणि ती नेमकी भुकेल्या पिल्लांच्या वेळेला गाठते. नद्यांना भरपूर पाणी असले की अंडी तरंगत राहतात. उलट हिवाळा उबदार आणि वसंत कोरडा गेला, तर पिल्लांच्या तोंडचा घास त्यांच्या जन्मापूर्वीच संपून जातो. अलीकडील हिवाळे वारंवार उबदार जात आहेत. जी थंडी शरदात या माशाला किनाऱ्यावर आणते, तीच त्याची पुढची पिढीही जगविते. आणि तीच आता पूर्वीसारखी भरवशाची राहिलेली नाही.

थंडी आणणे एखाद्या राज्याच्या हाती नाही. हात आवरणे मात्र आहे. म्हणून २०२० साली समुद्रावर दर माणशी दिवसाला एकच मासा, आणि तोही २८ ते ३५ इंच लांबीमधलाच, असे ठरले. त्याहून लहान सोडावयाचा, कारण तो अजून वाढावयाचा आहे. त्याहून मोठा सोडावयाचा, कारण ती बहुधा लाखो अंडी घालणारी मादी आहे. २०२३ साली वरची मर्यादा ३१ इंचांवर आणण्यात आली. साठा २०२९ पर्यंत पूर्ववत करावा, हे उद्दिष्ट आहे. मार्थाज व्हिन्यर्डच्या स्पर्धेने २०२० पासून पुन्हा बासला वगळले.

सोडून देण्याची कला

येथे आपण पहिल्या प्रश्नापाशी येतो. रिकाम्या हातांनी परतणाऱ्या त्या माणसांचा आनंद धरण्यात असला, तरी त्यांची जबाबदारी सोडण्यात आहे. आणि सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. आयोगाच्या हिशेबात शंभर सोडल्या माशांमागे नऊ मरतात असे धरतात. नऊ ही संख्या लहान वाटते. परंतु सोडल्या जाणाऱ्या माशांची संख्या कोट्यवधी असते. २०१७ सालच्या हिशेबात माणसाच्या हातून मेलेल्या एकूण बासपैकी जवळजवळ निम्मे असे सोडून दिलेले होते. सद्हेतूने केलेले कामही निष्काळजीपणे केल्यास केवढी हानी करते, याचे हे उदाहरण.

म्हणून सोडण्याचेही शास्त्र बनले आहे. खरे आमिष लावावयाचे असेल, तर टोक आत वळलेला वाटोळा गळ वापरण्याचा नियम आहे. तो पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. लाकडी माशाला तिहेरी गळाऐवजी एकेरी गळ लावावा आणि त्याचा काटा चिमट्याने दाबून टाकावा, म्हणजे तो चटकन निघतो. मासा फार वेळ झुंजवू नये. हात ओले केल्यावाचून त्याला स्पर्श करू नये, कारण कोरड्या हाताने अंगावरचा रक्षक बुळबुळीत थर निघून जातो. जबड्याला धरून लोंबता ठेवू नये. पोटाखाली हात देऊन आडवा धरावा, आणि शक्य तर पाण्याबाहेर काढूच नये. दमलेला असेल तर प्रवाहाकडे तोंड करून, त्याची शेपूट स्वतः जोर करीपर्यंत, त्याला आधार द्यावा.

यातही थंडीच साहाय्य करते. तापलेल्या पाण्यात, जेथे प्राणवायू कमी, तेथे दमलेला मासा सावरत नाही. शरदाच्या गार पाण्यात तोच मासा लवकर सावध होतो. म्हणून अनेक जाणती माणसे भर उन्हाळ्यातील गरम दिवशी काठी बाहेरच काढत नाहीत आणि शरदाची वाट पाहतात.

हा विषय दूरच्या किनाऱ्याचा खरा, पण तो आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. बासप्रमाणेच समुद्रातून नदीत शिरणाऱ्या हिलसाची गंगेतील वाट १९७५ साली फराक्क्याचे बंधारे उभे राहिल्यावर अडली, आणि तिच्या वरच्या काठची गावे त्या माशाला मुकली. दुसरीकडे, संयमाची रीत आपल्याकडे जुनी आहे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात होड्या न घालता नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची आपल्या कोळी समाजाची प्रथा धर्माची म्हणून पाळली गेली, पण तिने कित्येक जातींच्या माशांना विणीच्या काळात उसंतही दिली. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात यांत्रिक मासेमारीला जी बंदी असते, तिच्यामागे हाच विचार आहे. बाजारात त्या दिवसांत मासळी महाग होते, तेव्हा घरोघरी कुरकुर होते. त्या वेळी चेसापीकच्या काठी पाच वर्षे कोरडी राहिलेली जाळी आठवावीत.

अटलांटिकच्या किनाऱ्यावर पाणी गार होऊ लागले, की पुन्हा काठ्या बाहेर निघतील. कोणी बाप आपल्या लेकराला दांडा कोठे आणि खिंडार कोठे ते बोटाने दाखवील. मासा लागेल, दोरी ताणेल, काळ्या रेघांची ती रुपेरी कूस दिव्याच्या उजेडात क्षणभर चमकेल. मग ते लेकरू ओल्या हातांनी तिला आधार देईल, शेपटीचा जोर हाताला जाणवेपर्यंत थांबेल, आणि सोडून देईल. ती मादी दक्षिणेकडे जाईल. वसंतात एखाद्या नदीत शिरेल. हिवाळा पुरेसा कडक पडला, तर पुढल्या उन्हाळ्यात मेरीलँडच्या रापणीत मोजावयाला चार पिल्ले अधिक येतील.